एक इंचाचा हिशेब

मोटारीचे स्टिअरिंग बदलणे हा काय कौटुंबिक मासिकातून मांडण्याजोगा विषय आहे, असे वाचकांपैकी कोणी विचारील तर त्याचा राग मानण्याचे आम्हांस कारण नाही. दोन वर्षांपूर्वी आम्हीही तेच विचारले असते. परंतु सोळा इंचांचे एक चक्र काढून त्या जागी चौदा इंचांचे बसविण्याच्या या उद्योगापायी आम्हां दोघा सख्ख्या भावांचे बोलणे पाच महिने बंद पडले, पंचाऐंशी वर्षांच्या मातोश्रींना मध्यस्थी करावी लागली आणि दिवंगत वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी आमच्यासाठी ठेवलेला एक निरोप आम्हांस उशिरा का होईना पोचला. तेव्हा विषय मोटारीचा असला तरी गोष्ट घरातलीच आहे.

आमचे वडील, नाना, बडोद्याच्या कलाभवनात कार्यशाळेचे निदेशक होते. १८९० साली सयाजीराव महाराजांनी स्थापन केलेली ही संस्था नानांच्या काळी विद्यापीठाचा भाग झालेली होती. तथापि दांडिया बाजारातील मंडळींच्या तोंडी तिचे जुने नावच कायम होते. लेथ, कानस आणि व्हर्निअर यांच्या सहवासात आयुष्य काढलेल्या या गृहस्थाने १९७१ साली, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअराकडून, भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून एक मोटार विकत घेतली. ती चार माणसांची सोयीस्कर मोटार असती तर गल्लीने कौतुक केले असते. ही होती दोन आसनांची, बिनटपाची, लाल रंगाची ‘ट्रायम्फ स्पिटफायर’, १९६५ सालची, मार्क टू. संसारी माणसाने दोन मुले असताना दोनच आसनांची गाडी घ्यावी, हा हिशेब आमच्या आजीला शेवटपर्यंत सुटला नाही.

नानांचा हिशेब मात्र वेगळा होता. स्पिटफायर ही दुसऱ्या महायुद्धातील विख्यात लढाऊ विमानाचे नाव घेऊन १९६२ साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीमध्ये अवतरलेली गाडी. परंतु तिच्या अंगाखालचा सांगाडा ‘हेरल्ड’ या साध्यासुध्या कौटुंबिक मोटारीचा, आखूड केलेला. दोहोंचे रेखाटन जोव्हानी मिकेलॉत्ती या एकाच इटालियन कलावंताचे. आणि हीच हेरल्ड १९६१ पासून आपल्याकडे मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने तयार होत असे. म्हणजे विलायती गाडीचे पुष्कळसे सुटे भाग देशी बाजारात मिळण्याजोगे होते. ‘दिसायला राजकन्या, पण माहेर मध्यमवर्गीय,’ असे नाना या गाडीविषयी म्हणत. आईला पुढे बसवावे, आम्हां दोघा भावांना आसनांमागच्या फळीवर कोंबावे, आणि दत्तजयंतीला नर्मदातीरी गरुडेश्वरास जावे, हा त्यांचा वर्षाचा क्रम. वासुदेवानंद सरस्वतींच्या समाधीपुढे आई डोळे मिटून बसे. नाना तेवढ्या वेळात बॉनेट उघडून पाणी पाहत. या गाडीचे बॉनेट पुढच्या पंख्यांसकट मगरीच्या जबड्यासारखे संपूर्ण उघडते. त्यामुळे तेथील दर्शनार्थींची गर्दी बऱ्याचदा विभागली जाई.

२०११ साली नाना गेले. अण्णा, म्हणजे आमचे थोरले बंधू, नोकरीनिमित्त पूर्वीच पुण्यास स्थायिक झाले होते. गाडी आमच्याकडे राहिली. आम्ही ती जपली, म्हणजे महिन्यातून दोनदा चालू केली आणि दत्तजयंतीचा नेम मोडला नाही. मग २०२३ च्या अखेरीस आमच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. चालणे सुधारले, पण गुडघा काटकोनाच्या फारसा पलीकडे वाकेना. ज्यांनी अशा बुटक्या गाडीत कधी प्रवेश केलेला नाही त्यांना या अडचणीची कल्पना यावयाची नाही. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत आधी डावा पाय आत सरकवावा लागतो, मग अंग खाली सोडावे लागते आणि शेवटी उजवा पाय ओढून घ्यावा लागतो. स्पिटफायरमध्ये बसणे हे जवळजवळ जमिनीवर पाय पसरून बसण्यासारखे आहे. त्यात स्टिअरिंगची खालची कड डाव्या मांडीच्या आड येई. आणि कसेबसे आत गेलो तरी क्लच दाबून पाय मागे घेताना मांडी त्या कडेला अडे. भर रहदारीत क्लचवरून पाय न निघणे ही विनोदाची बाब नव्हे.

आम्ही प्रथम फुकटचे उपाय करून पाहिले. आसन शेवटच्या खाचेपर्यंत मागे नेले. आसनातील जाड गादी काढून पातळ घातली. हेरल्ड आणि स्पिटफायर यांच्या स्टिअरिंगचा दांडा दुर्बिणीसारखा आतबाहेर सरकविता येतो. तो पकडपट्टीचे बोल्ट सैल करून आत ढकलला. एवढे करूनही बोटभर जागा कमीच पडली. चिरंजिवांनी गाडी विकण्याचे सुचविले. सौभाग्यवतींनी मात्र निराळाच प्रश्न केला. “अहो, पाय लहान करता येत नाही हे खरं, पण चाक लहान नाही का करता येणार?”

येथपर्यंत सर्व ठीक होते. आम्ही हा बेत अण्णांना फोनवरून सांगितला आणि तिकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, “बाळ, त्या चाकावर नानांचे हात आहेत.”

ते खरेच होते. घड्याळात दहा आणि दोन वाजण्याच्या ज्या जागा, तेथे चक्राचे काळे प्लॅस्टिक झिजून गुळगुळीत झाले होते. एके ठिकाणी तडा गेलेला नानांनी अरल्डाइट भरून वर सुती दोरा गुंडाळला होता. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे जे मोठे प्रदर्शन भरले, ते पाहण्यास अण्णा मुद्दाम पुण्याहून आले होते. तेथे त्यांनी जाणकारांच्या तोंडून एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकला, तो म्हणजे ‘ओरिजिनल’. गाडी कारखान्यातून निघाली तशीच असली पाहिजे. खिळा बदलला की मोल गेले. तेव्हापासून नानांची गाडी जशीच्या तशी राहावी, हे अण्णांचे व्रत झाले. आम्ही म्हणालो, “जशीच्या तशी ठेवली तर ती जागच्या जागी राहील.” ते म्हणाले, “राहू दे.” यापुढे झालेले बोलणे येथे देण्यासारखे नाही. नंतर पाच महिने फोन फक्त वहिनी आणि आमच्या सौभाग्यवती यांच्यातच झाले.

इकडे आम्ही गणित मांडले. सोळा इंचांचे चक्र काढून चौदाचे बसविले तर दोन इंच जागा मिळेल असा आमचा भोळा समज होता. कागदावर दोन वर्तुळे काढताच तो उतरला. मध्य तोच राहतो; घट वर आणि खाली निम्मी निम्मी वाटली जाते. म्हणजे मांडीला मिळणार एकच इंच. त्याची किंमत हातांनी मोजायची. चक्र म्हणजे तरफच; तिची भुजा आठ इंचांवरून सातांवर आली की जेथे सात शेर जोर पुरत असे तेथे आठ शेर लागणार. आमच्या भाच्याला तेरा इंचांचे चक्र हवे होते, कारण ते शर्यतीच्या गाडीसारखे दिसते. पण तेथे तेरा शेरांच्या जागी सोळा शेर लागतात, म्हणजे जवळजवळ पाव हिश्शाने अधिक. आणि त्या बदल्यात पदरी पडतो आणखी फक्त अर्धा इंच. दांडिया बाजाराच्या आमच्या गल्लीत गाडी उभ्या जागी वळविताना हा अर्धा इंच खांद्यांना फार महाग पडला असता. आम्ही चौदावर थांबलो.

चक्र लहान केले म्हणजे गाडी अधिक चपळ वळते, असेही पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्वी पावणेचार फेरे लागत, आजही तेवढेच लागतात. कारण खालच्या दातेरी पट्टीला आपण हात लावलेलाच नाही. फक्त एका फेऱ्यात हाताला पन्नास इंचांऐवजी चव्वेचाळीस इंच फिरावे लागते, म्हणून चपळतेचा भास होतो. जुन्या काळच्या गाड्यांना, आपल्या अँबॅसिडरलाही, परातीएवढी चक्रे असत ती हौसेखातर नव्हेत. जोर कमी करणारे यंत्र तेव्हा सामान्य मोटारीत नव्हते, म्हणून भुजा लांब ठेवीत. आणखी एक अडचण बऱ्याच गाड्यांत येते : लहान चक्राची वरची कड नेमकी वेगदर्शकावर येते आणि आकडे दिसेनासे होतात. आमच्या स्पिटफायरची तबके चालकापुढे नसून फळीच्या मध्यभागी आहेत, त्यामुळे त्या संकटातून आम्ही सुटलो.

चक्र मिळविण्याची कथाही थोडक्यात सांगतो. पहिले आम्ही बाजारातून स्वस्तात आणले. ते दोन्ही हातांनी दाबले असता पापडासारखे लवत होते, आणि त्याचा मधला कटोरा, ज्याला कारागीर ‘बॉस’ म्हणतात, तो आमच्या दांड्यावर बसेना. दांड्याच्या टोकाला बारीक उभे दाते असतात. कटोऱ्याच्या आतील दाते त्यांच्याशी तंतोतंत जुळावे लागतात. विक्रेत्याचे मत पडले की दोन हातोडे मारले की बसेल. नाना असते तर त्यांनी तेथेच त्याचा वर्ग घेतला असता. दाते बोथट करून बसविलेले चक्र एखाद्या वळणावर नुसतेच हातात फिरेल आणि गाडी सरळ जाईल, एवढे न कळण्याइतके आम्ही कलाभवनापासून दूर गेलेलो नव्हतो. ते परत केले. मग याच जातीच्या गाड्यांसाठी बनविलेला बॉस आणि चौदा इंचांचे, चामडे मढविलेले चक्र इंग्लंडहून मागविले. लाकडी कडेचे दिसावयास सुरेख. पण बडोद्याच्या उन्हाळ्यात घामेजलेल्या तळव्यांतून ते निसटेल अशी धास्ती होती. चामडे उन्हात तापते, पण त्यावर ओला पंचा टाकता येतो.

पार्सल आले तरी आम्ही पंधरा दिवस ते उघडले नाही. एके संध्याकाळी आईने विचारले, “ते खोकं कशाचं? आणि अण्णाचा फोन हल्ली मला का येतो, तुला का येत नाही?” आम्ही सर्व सांगितले. चाकावरच्या नानांच्या हातांचेही सांगितले. आई हसू लागली.

“अरे, ते चाक मुळात नानांचं कुठलं? गाडीबरोबर आलेलं चाक चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मोडलं. तुम्ही दोघं तेव्हा ग्वाल्हेरला आजोळी होता. चार दिवस ते जेवले नाहीत नीट. मग कुठल्याशा भंगारातून हेरल्डचं चाक आणलं अन् बसवलं. मला म्हणाले, ‘पोरांना कळणारही नाही.’ आणि झीज म्हणशील तर अर्धी तुझी आहे. गाडी शिकताना काय आवळून धरायचास!”

म्हणजे ज्याच्यासाठी दोन भाऊ पाच महिने अबोला धरून होते, ते चक्र ‘ओरिजिनल’ तर नव्हतेच. ते एका मद्रासी हेरल्डचे होते, आणि त्यावरचे हात कोणाकोणाचे हेही सांगता येत नव्हते. आम्हांला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. आमच्यासारख्या गायकवाडी काळापासून येथे राहिलेल्या घरांना तरी हे आधीच कळावयास हवे होते. आमच्या बोलण्यात किती गुजराती शब्द येऊन बसले आहेत, हे पुण्याचे पाहुणे हसेपर्यंत आमच्या ध्यानीही येत नाही. आमच्या आजीची आमटीसुद्धा तिच्या आजीच्या आमटीपेक्षा गोडच असणार. तरी ती मराठीच आमटी. जे वापरात राहिले त्याचे भाग बदलत गेले, आणि बदलत गेले म्हणून ते वापरात राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कामास लागलो. प्रथम बॅटरीची तार सोडवावी, हा पहिला नियम आम्हांस पाठ होता. फक्त त्या दिवशी तो आठवला नाही. हॉर्नची कळ चक्राच्या मध्यभागी असते. ती उचकटताना आतली तार धातूला टेकली आणि दुपारी दोन वाजता, अवघी गल्ली वामकुक्षीत असताना, स्पिटफायरने जो टाहो फोडला तो तार ओढून काढीपर्यंत थांबला नाही. समोरच्या गच्चीवरून “शुं थयुं?” अशी पृच्छा झाली. दुसरा नियम मात्र आठवला : मधला नट सैल करावा, पण पुरता काढू नये, चार आटे शिल्लक ठेवून चक्र दोन्ही बाजूंनी हलवीत आपल्याकडे ओढावे. पन्नास वर्षे घट्ट बसलेले चक्र सुटते तेव्हा एकदम सुटते, आणि नट नसेल तर ते थेट ओढणाऱ्याच्या दातांवर येते. आमच्या हातीही ते असेच अवचित आले. नटाने दात वाचविले.

नवा बॉस बसविला, दिवा आपोआप मालवणारी खिट्टी योग्य बाजूस आली ना हे पाहिले, नवे वॉशर घालून नट आवळला, आणि मोकळ्या मैदानावर गाडी नेली. गाडी सरळ धावत होती, पण चक्राची मान थोडी कलंडलेली होती. एका दात्याची चूक. चाके नेमकी सरळ उभी आहेत असे आम्ही गृहीत धरले होते, ती नव्हती. घरी येऊन पुन्हा सारे उकलले. या वेळी दांड्याच्या टोकावरचे जुने, काळे वंगण घासलेटच्या बोळ्याने पुसून काढले, आणि त्याखाली एक ठिपका दिसला.

तो पंचाने, हातोडीचा एकच हलका ठोका देऊन, दांड्याच्या टोकावर एका कडेला उमटविलेला होता. आम्ही नानांचे काढलेले चक्र उचलून त्याचे मधले भोक पुसले. तेथेही, अगदी जोडीचा, दुसरा ठिपका होता. दोन ठिपके समोरासमोर आणले की चक्र सरळ बसते. कार्यशाळेत नाना पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवीत ते आम्ही लहानपणी कित्येकदा ऐकले होते : कोणतीही वस्तू सोडविण्याआधी खूण करावी, कारण ती पुन्हा जोडणारा आपण नसू. म्हणजे १९७४ च्या त्या उन्हाळ्यात, आपले आवडते चक्र मोडल्याच्या दुःखात असतानाही, या गृहस्थाने धरून चालले होते की हेही चक्र कोणीतरी कधीतरी काढील. आणि काढणाऱ्यावर न रागावता त्याची सोय करून ठेवली होती.

आम्ही जमिनीवर बराच वेळ बसून होतो. नवा गुडघा दुखू लागला तेव्हा उठलो. नानांच्या हत्यारांच्या पेटीतून पंच काढला, आणि नव्या बॉसवर, त्यांच्या ठिपक्यासमोर, आमचा एक ठिपका उमटविला. मग दोन्ही ठिपक्यांचे छायाचित्र काढून अण्णांना पाठविले. खाली काही लिहिले नाही. दहा मिनिटांत फोन आला. अण्णांनी एवढेच विचारले, “आईला दाखवलंस का?”

जुने चक्र आता मांजरपाटाच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले आहे. सोबत त्याचा नट, जुने वॉशर, हॉर्नची कळ आणि कोणता भाग कोणत्या क्रमाने बसतो याची चिठ्ठी आहे. ज्याला हवे त्याने अर्ध्या तासात ते परत बसवावे. गाडीचे काहीही कापलेले, कोरलेले वा ठोकलेले नाही.

गेल्या डिसेंबरात दत्तजयंतीला आई शेजारी बसली आणि आम्ही गरुडेश्वरास गेलो. पाय सुखरूप आत गेला आणि सुखरूप बाहेर आला; तो एक इंच पुरला. हमरस्त्यावर फरक जाणवत नाही. वाहनतळावर गाडी उभी करताना मात्र खांदे आठव्या शेराची आठवण देतात. समाधीपुढे आई डोळे मिटून बसली, आणि आम्ही, शिरस्त्याप्रमाणे, बॉनेट उघडून पाणी पाहिले.

यंदा दिवाळीत अण्णा आले. फराळ झाल्यावर किल्ली मागून घेतली आणि आम्हांला शेजारी बसविले. गल्लीच्या टोकाला गाडी वळविताना त्यांचे दोन्ही खांदे वर आले. “जड झालंय रे,” ते म्हणाले. आम्ही काही बोललो नाही. नंतर त्यांनी मांडव्यापर्यंत एक, न्यायमंदिरापर्यंत दुसरी आणि सुरसागराभोवती तिसरी, अशा तीन फेऱ्या मारल्या, आणि घराशी परत आल्यावरही किल्ली आमच्या हाती देण्याची त्यांना घाई दिसली नाही.